एकतीस पुडकी आणि एक बुनाड

ओडवार लोकेनने घरातल्या दोन गोष्टींना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. एक माळ्यावरची निळी पेटी आणि दुसरा तळघरातला फ्रीझर. बायको जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती, आणि ह्या दोन गोष्टी सोडल्या तर घरातल्या बाकी सगळ्या गोष्टींना हात लावून त्याने त्या यथास्थित बिघडवल्या होत्या. कपडे धुण्याचं मशीन, गॅलरीचं दार, सिग्नेने वीस वर्षं जगवलेलं खिडकीतलं जिरॅनियम. पेटी आणि फ्रीझर तेवढे शाबूत राहिले, कारण ते बंद होते. निदान त्याची तशी समजूत होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मुलीचा सिएटलहून फोन आला.

"बाबा, हेडीला सतरा मेला आजीचं बुनाड घालायचंय," मारित म्हणाली. "ती सोळाला येतेय. पेटी उघडून जरा हवेवर टाका."

सतरा मे म्हणजे नॉर्वेचा दिवस. अलास्काच्या ज्या बेटावर ओडवार राहायचा तिथलं अर्धं गाव नॉर्वेजियन आहे आणि उरलेलं अर्धं त्या दिवसापुरतं होतं. मिरवणूक असते, आणि मिरवणुकीत बायका आपापलं बुनाड, म्हणजे नॉर्वेचा पारंपरिक पोशाख, घालून चालतात. सिग्नेचं बुनाड काळ्या लोकरीचं होतं, त्यावर लाल-हिरवं भरतकाम. सात हिवाळे बसून तिने ते शिवलं होतं. त्या सात हिवाळ्यांत ओडवारला बटणं लावून मिळाली नव्हती, आणि त्याबद्दल त्याने एकदाच तक्रार केली होती.

"हवेवर टाकतो," ओडवार म्हणाला. बाहेर त्या क्षणी नवव्या दिवसाचा पाऊस पडत होता.

माळ्यावर जायला त्याला दोन दिवस लागले. शिडी लावायला पाच मिनिटं लागली, बाकीचा वेळ इतर कामांत गेला. पेटी उघडायची असली की माणसाला किती कामं आठवतात ते त्याला तेव्हा कळलं. शेवटी त्याने झाकण उचललं. आतून कोंड्याच्या रंगाचं एक इवलंसं पाखरू उठलं, त्याच्या नाकासमोरून आरामात गेलं आणि वाशाच्या मागे बसलं.

ओडवार त्रेचाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर होता. जाळ्यात अडकलेल्या समुद्रसिंहाशी त्याने तोंडातोंडी भांडण केलं होतं. पण त्या पाखराला पाहून तो तिथेच फळीवर बसला. बुनाडाच्या घेराला, मागच्या बाजूने, तीन भोकं होती. घडीत भाताच्या शितासारख्या अळ्या होत्या आणि त्या वळवळत होत्या. कसर लागली होती.

आता हे शहाण्या माणसाने समजून घेतलं पाहिजे की कसर हा अब्रूचा प्रश्न आहे. त्या बेटावर घरात उंदीर झाले तर शेजारी पिंजरा आणून देतात. मुंग्यांनी तुळई पोखरली तर सुताराचं नाव सुचवतात. पण कसर झाली म्हणजे ह्या घरात कपडे कोणी उघडून झाडत नाही, एवढाच अर्थ निघतो. "सिग्ने असती तर असं झालं नसतं," हे वाक्य गावातल्या दहा तोंडांतून निघणार हे ओडवारला स्वच्छ दिसलं. ते खरं असल्यामुळे त्याला ते अजिबात ऐकायचं नव्हतं.

म्हणून त्याने सल्ला विचारला तो एका मित्राच्या नावाने.

"माझ्या एका मित्राकडे कसर झालीय," कुंपणापलीकडच्या याल्मारला तो म्हणाला.

"तुझा मित्र?" याल्मार म्हणाला. "कोण रे?"

याल्मार हा निवृत्त पोस्टमन. गावातलं प्रत्येक पोस्टकार्ड त्याने चाळीस वर्षं वाचून मग टाकलं होतं, आणि त्यावरचं आपलं मतही दारात उभं राहून सांगितलं होतं. कोणत्याही विषयावर त्याला बोलायचं नाही असं कधी झालं नव्हतं. त्याच्या छपराच्या पन्हळीचं पाणी ओडवारच्या अंगणात पडायचं, आणि त्यावरून दोघांचं अकरा वर्षं वाजलेलं होतं. बोलणं बंद नव्हतं, कारण याल्मारला बोलणं बंद करता येत नसे. पण एकमेकांच्या घरात कोणी पाऊल टाकत नव्हतं.

"मित्राला सांग, उन्हात टाक," याल्मार म्हणाला.

"कुठल्या उन्हात?"

याल्मारने आभाळाकडे पाहिलं. पन्हळीतून ओडवारच्या अंगणात धो धो पाणी पडत होतं. "ईस्टरला पडलं होतं," तो म्हणाला. "थोडंसं. दुपारी."

दुकानातल्या बाईने डांबराच्या गोळ्या दिल्या. त्या ओडवारने पेटीत, माळ्यावर आणि खबरदारी म्हणून स्वतःच्या खिशातही टाकल्या. दुसऱ्या दिवशी तो रांगेत उभा राहिला की रांग कमी व्हायची. कसर मात्र जागची हलली नाही. मग त्याने मोठ्या शहरातल्या कीड मारणाऱ्या लोकांना फोन लावला. फोनवर एका यंत्राने त्याला प्राणी निवडायला सांगितलं. उंदरांसाठी एक, मुंग्यांसाठी दोन, वटवाघळांसाठी तीन आणि अस्वलांसाठी ताबडतोब फोन ठेवून दुसरा नंबर. कसर कुठेच नव्हती. त्याने सगळे आकडे एकदमच दाबले, तेव्हा एक जिवंत माणूस आला.

"होईल की काम," तो माणूस म्हणाला. "घर तीन दिवस रिकामं करायचं. मी येणार फेरीबोटीने, सतरा जूनला."

"मला सतरा मेच्या आत पाहिजे."

"मग सतरा जून सोयीचा नाही का?"

ओडवारने फोन ठेवला. शेवटी तो गावच्या म्युझियममध्ये बर्निसकडे गेला. बर्निस म्हणजे म्युझियमची चालक, झाडूवाली आणि पहारेकरी, सगळं एकटीच. तिच्यापुढे मित्राची गोष्ट चालली नाही. त्याच्या खिशातल्या गोळ्यांचा वास आल्यावर तिने मान हलवली आणि विचारलं, "बुनाड का?"

ओडवारने मान खाली घातली.

"औषधबिषध काही मारू नकोस, भरतकामाचा रंग जाईल," बर्निस म्हणाली. "आम्ही इथे गोठवतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद कर, आडवं पसर, दाबून घडी घालू नकोस. आठवडाभर फ्रीझरमध्ये. मग एक दिवस बाहेर, म्हणजे उरलेल्या अंड्यांना वाटेल वसंत आला. मग परत आठवडाभर आत. सगळं मरतं."

"तुमच्या फ्रीझरमध्ये ठेवता येईल?"

"आमच्यात एक गरुड आहे," बर्निस म्हणाली. "मेलेला. गेल्या नोव्हेंबरमध्ये सापडला. सरकारी कागद आल्याशिवाय मला तो हलवता येत नाही, आणि कागद कोणी पाठवायचा हे त्यांचं अजून ठरत नाहीय. तुझ्याकडे आहे की मोठा, तळघरात."

ओडवार टोपी घालून घरी निघाला.

त्या फ्रीझरची गोष्ट अशी होती. जूनपासून शरदापर्यंत ओडवार मासे आणायचा आणि सिग्ने ते साफ करून, कागदात गुंडाळून, वर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर लिहायची. माशाचं नाव आणि तारीख सगळ्याच बायका लिहितात. सिग्ने आणखी दोन-चार शब्द लिहायची. काय लिहायची ते ओडवारने कधी नीट वाचलं नव्हतं, कारण रोज संध्याकाळी ती स्वतःच ते वाचून दाखवत असे. शेवटच्या वर्षी, तिला डॉक्टरने सगळं सांगून झाल्यावर, तिने खुर्चीवर बसून एकतीस पुडकी बांधली. फेब्रुवारीत ती गेली. तेव्हापासून ओडवार डब्यातलं सूप खात होता. खाली फ्रीझर गुरगुरत होता, आणि त्यात तिचं बोलणं शिल्लक होतं. त्याने ते ऐकलं नव्हतं, पण शिल्लक होतं, आणि शिल्लक असणं त्याला पुरत होतं.

आता बुनाड वाचवायचं तर फ्रीझर रिकामा करायला हवा होता.

त्याने हिशेब केला की पुडकी पंधरा दिवस लोकांच्या फ्रीझरमध्ये ठेवायला द्यायची आणि नंतर परत आणायची. ही कल्पना कागदावर उत्तम होती. तो तळघरात गेला, चष्मा काढून खिशात ठेवला, म्हणजे अक्षरं दिसायला नकोत, आणि झाकण उघडलं. अगदी वरचं पुडकं हाताला लागलं ते घेऊन तो सर्वांत जवळच्या दारात गेला, म्हणजे याल्मारच्या.

इथे त्याचं चुकलं. त्या बेटावर दारात मासा घेऊन आलेल्या माणसाला कोणी "कशासाठी?" असं विचारत नाही. मासा घ्यायचा, मान हलवायची, दार लावायचं. ठेवायला म्हणून मासा कोणी कोणाला देत नाही, आणि दिलेला कोणी परत मागत नाही. मागणाऱ्याचं नाव मग त्याच्या नातवंडांनाही चिकटतं. "पंधरा दिवसांसाठी" एवढंच ओडवारला म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर याल्मारने "का?" विचारलं असतं, आणि मग कसर आली असती, आणि मग सिग्ने असती तर.

"फ्रीझरमध्ये जागा नाही," ओडवार म्हणाला आणि पुडकं पुढे केलं.

याल्मारने ते घेतलं, उलटं केलं, पट्टीवरचं वाचलं. त्याने तोंड उघडलं आणि परत मिटलं. "बरं," तो म्हणाला, आणि दार लावलं.

याल्मार एका शब्दात आटोपला हे ओडवारच्या लक्षात आलं, पण त्याने ते पन्हळीच्या खात्यात टाकलं. संध्याकाळपर्यंत त्याने चष्मा खिशात ठेवूनच उरलेली तीसच्या तीस पुडकी गावभर पोचवली. प्रत्येक दारात "फ्रीझरमध्ये जागा नाही" हेच वाक्य. मग बुनाड पिशवीत घालून त्याने रिकाम्या फ्रीझरमध्ये आडवं ठेवलं आणि झाकण लावलं. त्या दिवशी तो समाधानाने झोपला, आणि ते समाधान त्याला नंतर फार टोचलं.

तिसऱ्या दिवशी तो बंदरावरच्या कॅफेत शिरला आणि सगळ्या टेबलांवरच्या माना वळल्या. लायल, त्याच्या बोटीवरचा जुना साथीदार, गल्ल्याजवळ उभा होता. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

"वाच," लायल म्हणाला. "मोठ्याने वाच."

ओडवारला चष्मा काढावा लागला, म्हणजे खिशातून. पट्टीवर सिग्नेचं अक्षर होतं. *किंग सॅल्मन, जून. ओडवार म्हणतो त्याने पकडला. गळ लायलने ओढला. ओडवार तेव्हा सँडविच खात होता.*

आता ह्या माशाची गोष्ट ओडवारने त्या कॅफेत किमान चाळीस वेळा सांगितली होती, दर वेळी मासा वाढवून. "तीन वर्षं मी हेच सांगतोय," लायल सगळ्यांना म्हणाला, "आणि तुम्ही म्हणत होतात लायल जळतो." लोक हसले. पण ओडवारचं लक्ष त्या हसण्याकडे नव्हतं.

"मासा कुठाय?" त्याने विचारलं.

"कुठाय म्हणजे? खाल्ला. कालच. जरा कोरडा झाला होता, पण लोणी घातलं."

"खाल्ला?"

"मग काय करायचा होता, फ्रेम करायचा?"

ओडवार तसाच बाहेर पडला. पावसात टोपीही घालायची राहिली. त्याने अर्धं गाव पालथं घातलं, आणि प्रत्येक दारात तेच. खाल्ला, छान होता, आज वितळायला काढलाय, येतोस का जेवायला, मुलांनी संपवला. कागद? कागद केरात गेला, माशाच्या कागदाला वास येतो रे. परत मागायला तोंड नव्हतं. मागितलं असतं तरी कुठलं परत करणार होते.

इकडे अब्रूची लक्तरं वेशीवर टांगायचं काम पट्ट्या स्वतंत्रपणे करतच होत्या. बर्निस पावसातून आली ती हातात एक काचेचं भांडं घेऊन.

"हे घे तुझं भांडं," ती म्हणाली, आणि पट्टी दाखवली. *ब्लॅक कॉड. बर्निसला देऊ नये. काचेचं भांडं ईस्टरला नेलंय तिने. कुठल्या ईस्टरला ते तिलाच माहीत.* "तुला वाचता येत नाही का ओडवार? का मुद्दाम दिलंस?"

"चष्मा नव्हता," ओडवार म्हणाला.

"सहा ईस्टर झाले," बर्निस म्हणाली, आणि एकदम हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. ओडवारला काय करावं कळेना, म्हणून त्याने भांडं परत तिच्या हातात दिलं.

सगळ्यांत मोठा घाव रविवारी बसला. पाळकबाई कॅरोल ह्या भल्या बाई. भल्या माणसांपासून सावध राहायला ओडवार उतारवयातही शिकला नव्हता. प्रवचनाचा विषय होता प्रामाणिकपणा. पाळकबाईंनी व्यासपीठावरून चष्म्याच्या वरून सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या आठवड्यात आपल्या सिग्नेने मला एक पत्र पाठवलं." आणि पट्टी वाचली. "*हॅलिबट, बारा जुलै. परवानगी दोनची, हा तिसरा. मी बोलले, त्याने ऐकलं नाही. चर्चच्या जेवणाला द्यावा, तेवढंच पाप हलकं.* असं आपल्या माणसाबद्दलही खरं लिहिणारी बाई होती ती."

सगळं चर्च भारावून गेलं. दुसऱ्या बाकावर मासेमारी खात्याचा नवा तरुण अधिकारी बसला होता. तो ॲरिझोनाच्या वाळवंटातून बदली होऊन आला होता आणि त्याचा पहिलाच महिना होता. तोही भारावला, पण त्याने वही काढली.

सोमवारी तो फॉर्म घेऊन ओडवारच्या दारात हजर झाला.

"लोकेनसाहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण गावासमोर वाचलं गेलं, मला नोंद करावी लागेल," तो म्हणाला. "मासा कुठे आहे?"

"चर्चच्या मंडळींच्या पोटात. तुम्हीही जेवलात काल."

अधिकाऱ्याने ते लिहावं की नाही ह्याचा थोडा विचार केला आणि लिहिलं नाही. "ही नोंद कोणी केली?"

"बायकोने."

"त्यांची सही लागेल. कुठे भेटतील?"

"टेकडीवर," ओडवार म्हणाला. "चर्चच्या मागे. डावीकडून चौथी."

अधिकारी तिकडे जायला वळलाही, मग थांबला. त्याचे कान लाल झाले. त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पट्टी त्याने चर्चमधून पुरावा म्हणून आधीच आणली होती, सरकारी पिशवीत, वर नंबर टाकून. "तुमच्याकडे त्यांचं आणखी काही लिहिलेलं असेल, अक्षर ताडून बघायला?"

"होतं," ओडवार म्हणाला.

तो गेल्यावर ओडवार तळघरात उतरला आणि पालथ्या बादलीवर बसला. फ्रीझर गुरगुरत होता. आत बुनाड होतं, कसर मरत होती, सगळं बर्निसने सांगितल्याप्रमाणे यथासांग चाललं होतं. तो तिथे बसून रडला. बायको गेली तेव्हा लोक होते, त्यामुळे नीट रडता आलं नव्हतं. आता बायकोला आपल्या हाताने गावभर वाटून टाकलं असं त्याला वाटत होतं, आणि तेही केवळ "पंधरा दिवसांसाठी" हे दोन शब्द बोलायची लाज वाटली म्हणून. तीस पट्ट्यांवर ती काय काय म्हणाली होती आणि ते भलत्याच लोकांनी वाचलं होतं. त्याच्यासाठी तिने काही लिहिलं होतं का हेसुद्धा आता कळायला मार्ग नव्हता. सगळ्यांची उणीदुणी निघाली, फक्त याल्मारची निघाली नाहीत. त्याला काय लिहिलेलं मिळालं ते तो बोलला नव्हता. कुंपणापाशी ओडवार दिसला की तो आत जायचा. ओडवारने गृहीत धरलं की पन्हळीबद्दल काहीतरी झोंबणारं असणार.

एक दिवस बुनाड बाहेर काढलं, अंड्यांना वसंताचा भास दिला, परत आत ठेवलं. सोळा तारखेला हेडी आली. ती एकोणीस वर्षांची, उंच, सिग्नेसारखीच एका बाजूला मान कलती ठेवून ऐकणारी. तिने बुनाड टेबलावर पसरलं आणि तीन भोकांवरून बोट फिरवलं.

"आजोबा, हे आधीचं आहे का?"

"नाही," ओडवार म्हणाला. "माझं आहे. मी पेटी उघडली नाही."

हेडीने पुढे काही विचारलं नाही. ओडवारने आपली जाळं शिवायची लाकडी सुई काढली, काळी लोकर ओवली आणि भोकं शिवायला बसला. त्याला कपड्याचं रफू येत नव्हतं, जाळं येत होतं, म्हणून त्याने जाळ्याच्याच गाठी मारल्या. तीन भोकांवर तीन छोटी जाळी झाली. बर्निस सहज डोकावली, ते पाहून तिने डोळे मिटले आणि पाणी मागितलं.

सतरा तारखेला पाऊस होताच. मिरवणूक मुख्य रस्त्याने गेली, बँड वाजला, ध्वज ओले झाले. हेडी सिग्नेच्या बुनाडात चालली. ओडवार कडेने चालला आणि मागच्या घेरातल्या तीन गाठींकडे त्याचं लक्ष होतं. त्या सुटल्या नाहीत.

दुपारी दोघं घरी आली तेव्हा बर्निस ओट्यावर उभी होती. तिच्या हातात एक मोठं पाकीट होतं. "गावभर फिरले," ती म्हणाली. "नऊ मिळाल्या. बाकीच्या केरात गेल्या रे. मला आधी सांगायला हवं होतंस." पाकिटात नऊ पट्ट्या होत्या, बटर पेपरवर सपाट करून ठेवलेल्या. कॅफेतली होती, तिच्या भांड्याचीही होती. पाळकबाईंची अजून सरकारी पिशवीतच होती, नंबरसकट, आणि सोबत चिठ्ठी होती की चौकशी बंद झाली, अक्षर ताडून पाहता आलं नाही. ओडवारने त्या हातात धरल्या. हेडीने एकेक मोठ्याने वाचली, आणि मान कलती ठेवून ती वाचत होती, त्यामुळे ओडवारला मध्येच उठून खिडकीपाशी जावं लागलं.

खिडकीतून त्याने याल्मारला येताना पाहिलं. अकरा वर्षांनी याल्मार त्या फाटकातून आत येत होता. अंगात सतरा मेचा कोट होता आणि कोटाखाली काहीतरी धरलेलं होतं. तो दारात आला, पाय पुसले, ओडवारकडे न बघता हेडीकडे पाहिलं आणि कोटाखालून पुडकं काढून टेबलावर ठेवलं. पुडकं न उघडलेलं होतं, कडेला बर्फ होता.

"मला मासा आवडतो," याल्मार म्हणाला. "पण हा माझा नव्हता."

ओडवारने चष्मा लावला. पट्टीवर तारीख होती, तीस सप्टेंबर. तिच्या शेवटच्या शरदाची ती सगळ्यात शेवटची तारीख. माशाचं नाव लिहिलेलं नव्हतं. खाली एवढंच होतं. *ओडवार, हे आधी खा.*

अक्षर जरा खाली उतरत गेलं होतं.

पन्हळीचं पाणी अंगणात पडत होतं.

"तू पहिल्या दिवशीच वाचलंस," ओडवार म्हणाला. "तेव्हाच का नाही परत दिलंस?"

"तेव्हा दिलं असतं तर तू ते परत फ्रीझरमध्ये टाकलं असतंस," याल्मार म्हणाला. "म्हटलं पोरगी येऊ दे."

ओडवारने पुडकं पिशवीत घालून पाण्यात ठेवलं. वितळायला तास लागला, तेवढ्या वेळात याल्मारने पन्हळीबद्दल आपली बाजू सविस्तर मांडली, बर्निसने त्याला दोनदा खोडलं, आणि हेडीने बटाटे सोलले. कागद सोडवताना ओडवारने पट्टी आधी अलगद काढली आणि बाकीच्या नऊंच्या शेजारी ठेवली. आत हॅलिबट होता, मधला, चांगला तुकडा. पण अडीच वर्षं झाली होती. कडा पांढऱ्या पडल्या होत्या. भाजल्यावर तो कागदासारखा लागला.

"लोणी घाल," याल्मार म्हणाला.

ओडवारने लोणी घातलं. चौघांनी तो सगळा खाल्ला, काही न सोडता. हेडीने बुनाडावर डाग पडू नये म्हणून गळ्यात टॉवेल बांधला होता.

"आजी प्रत्येकावर एवढं एवढं लिहायची," ती नऊ पट्ट्यांकडे बघत म्हणाली, "मग ह्यावर एवढंच का?"

"थकली असेल," ओडवार म्हणाला. मग बशीतला शेवटचा तुकडा काट्याने उचलत म्हणाला, "आणि मला जास्त सांगून उपयोग नाही, हे तिला ठाऊक होतं."